किल्व्हर्टच्या रोजनिशीतून पाळकाचा दिवस शोधताना : माझा अनुभव

रेव्हरंड फ्रान्सिस किल्व्हर्ट १८६५ ते १८७२ या काळात वेल्समधल्या क्लायरो गावी सहाय्यक पाळक होता. त्याची रोजनिशी लोक निसर्गवर्णनासाठी वाचतात. मी ती पाळकाचं काम समजून घ्यायला वाचली. त्यासाठी संपादक विल्यम प्लोमरचे तीन खंडच (१९३८–४०) घ्यावेत. १९४४ ची एकखंडी आवृत्ती म्हणजे निवडीतली निवड. मूळ वह्या बावीस. प्लोमरने त्यांतला थोडाच भाग छापला आणि पुढे किल्व्हर्टच्या भाचीने बहुतेक वह्या नष्ट केल्या. आज तीन उरल्या आहेत. म्हणून ‘आठवड्याला किती घरभेटी’ असली मोजणी छापील मजकुरावरून करूच नये. नोंद नाही याचा अर्थ काम नव्हतं असा होत नाही.

वाचताना तीन रकाने आखले: चर्चचा दिवस, कुठे चालत गेला, काय केलं. पहिला रकाना पुनरुत्थान दिनावरून (ईस्टर) भरायचा. १८७० साली तो १७ एप्रिलला होता. त्याच्या ६३ दिवस आधीचा सेप्टुआजेसिमा रविवार, म्हणजे १३ फेब्रुवारी. रोजनिशीतल्या त्या दिवसाच्या नोंदीशी हे बरोबर जुळतं.

तीच नोंद मला सगळ्यात उपयोगी वाटली. सकाळी क्लायरोत उपदेश, वचन मत्तय १४:३०, म्हणजे वारा पाहून पेत्र घाबरतो तिथलं. बाहेरही पूर्वेचा जीवघेणा वारा, उपासनेला माणसं मोजकीच. दुपारी दोन वेस्टकोट, दोन कोट, मफलर आणि मॅकिंटॉश (रेनकोट) चढवून बेटूसच्या छोट्या प्रार्थनामंदिराकडे. पोचेतो दाढी मॅकिंटॉशला गोठून चिकटलेली. तिथे बाप्तिस्मा होता. कुंडातला बर्फ फोडून, त्याचे तुकडे पाण्यात तरंगत असतानाच तो दिला. दाढीचा किस्सा सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एकाच रविवारी दोन ठिकाणी उपासना हे सहाय्यकाचं नेहमीचं काम होतं.

इतर दिवशी सकाळी गावशाळेत शिकवणं, दुपारी घरभेटी, संध्याकाळी बड्या घरी जेवण. घरभेट म्हणजे नुसतं वचन वाचणं नव्हे: जॉन मॉर्गन या म्हाताऱ्या सैनिकाचे बटाटे काढायलाही तो हात लावतो. असं काम कोणत्या रकान्यात घालायचं हा प्रश्न पडतो. मी ते सरळ पाळकीयात धरलं.

सप्टेंबर १८७५ ते मार्च १८७६ आणि जून १८७६ ते डिसेंबर १८७७ असे दोन काळ रोजनिशीत कोरे आहेत. ती पानं त्याच्या विधवेने काढली असं मानतात. दुसऱ्या कोऱ्या काळात सेंट हार्मन या गावातली पाळक म्हणून त्याची जवळपास सगळी कारकीर्द जाते. तिथे पॅरिशची (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची) बाप्तिस्मा-नोंदवही पाहावी: १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात विधी कोणी केला याचा वेगळा रकाना असतो.