'इन' या उपसर्गाची दोन मुळे

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत उपसर्गांचा एक तक्ता हमखास असतो आणि त्यात 'इन'समोर बहुधा एकच अर्थ छापलेला असतो, तो म्हणजे 'नाही'. करेक्ट म्हणजे बरोबर आणि इनकरेक्ट म्हणजे चूक, व्हिजिबल म्हणजे दिसणारे आणि इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य, अशी उदाहरणे पाठ झाली की विद्यार्थ्याला वाटते, प्रकरण संपले. पुढे कधीतरी महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे रंगवलेले 'हायली इनफ्लेमेबल' हे शब्द त्याच्या वाचनात येतात. 'फ्लेम' म्हणजे ज्वाळा हे त्याला ठाऊक असते. तेव्हा हा टँकर मुळीच पेट घेणार नाही असा अर्थ त्याने लावला, तर तक्त्याच्या हिशेबाने तो बरोबरच ठरतो.

दोष तक्त्याचा आहे. इंग्रजीत लॅटिनमधून आलेले 'इन' एक नसून दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला नकारार्थी. तो आपल्या 'अ' आणि 'अन्' या उपसर्गांचा सख्खा भाऊबंद आहे; अशक्य, अनंत, अनावश्यक या शब्दांतला नकार, ग्रीकमधून आलेल्या 'एथीइस्ट' किंवा 'अ‍ॅनार्की'तला नकार आणि इंग्रजीच्या स्वतःच्या 'अनहॅपी'तला नकार हे सगळे एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. दुसरा 'इन' म्हणजे आत, वर किंवा कडे. इम्पोर्ट म्हणजे आत वाहून आणणे, इनहेल म्हणजे श्वास आत घेणे आणि इंजेक्शन म्हणजे, लॅटिन धातूचा अर्थ अक्षरशः घेतला तर, आत फेकणे. या शब्दांत नकाराचा लवलेशही नाही.

रूपावरून हे दोन वेगळे ओळखावेत म्हटले तर तीही सोय नाही, कारण पुढच्या व्यंजनाप्रमाणे दोघेही सारखेच बदलतात. 'ल'पूर्वी 'इल', 'र'पूर्वी 'इर', आणि 'प', 'ब', 'म' या ओष्ठ्य व्यंजनांपूर्वी 'इम'. मराठी वाचकाला हा नियम निराळा शिकवावा लागत नाही. संताप म्हणताना आपण अनुस्वाराचा 'न्' करतो आणि संपर्क म्हणताना 'म्' करतो, उत् आणि लेख यांचा उल्लेख होतो. जिभेची तीच सोय लॅटिननेही पाहिली. मात्र त्यामुळे इल्लीगलमध्ये नकार आहे आणि इल्युमिनेटमध्ये नाही, इररेग्युलरमध्ये आहे आणि इरिगेशनमध्ये नाही, इम्पॉसिबलमध्ये आहे आणि इम्पोर्टमध्ये नाही, अशी स्थिती झाली.

मग ओळखावे कसे? पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडणारी एक खूण आहे आणि ती तक्त्यांत का देत नाहीत हे मला कळत नाही : नकारार्थी 'इन' प्रामुख्याने विशेषणाला लागतो, तर 'आत' या अर्थाचा 'इन' क्रियापदाला लागतो. गोंधळ होतो तो क्रियापदापासून 'एबल' लावून विशेषण तयार केल्यावर. इनफ्लेमेबल या शब्दाची फोड 'इन' अधिक 'फ्लेमेबल' अशी नसून 'इनफ्लेम', म्हणजे पेटवणे, अधिक 'एबल' अशी आहे. म्हणून त्याचा अर्थ पेटण्याजोगे. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून रुळलेला आहे आणि 'फ्लेमेबल' त्याच्या बराच नंतरचा. पण चुकीची फोड जिवावर बेतू शकते हे ओळखून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला आणि पुढे ब्रिटनमध्येही तेच धोरण आले. व्याकरणाच्या दृष्टीने जुना शब्द निर्दोष होता. तरीही तो मागे सारला गेला हे मला योग्यच वाटते, कारण धोक्याची सूचना वाचताना कोणी लॅटिन व्युत्पत्ती आठवत बसणार नाही.

'इनहॅबिटेबल'ची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ वस्ती करण्याजोगे असा आहे, कारण तो 'इनहॅबिट' या क्रियापदावरून लावला जातो. सोळाव्या शतकात मात्र हाच शब्द नकारार्थी 'इन' धरून निर्जन, राहण्यास अयोग्य अशा अर्थाने वापरला जाई, आणि फ्रेंचमध्ये तो आजही त्याच अर्थाने चालतो. म्हणजे अक्षरे तीच, पण इंग्रज ज्या घरात सुखाने राहू शकेल ते फ्रेंच माणसाच्या लेखी राहण्यालायक नाही.

खरोखरच नकारार्थी असलेला 'इन'सुद्धा प्रत्येक वेळी सरळ उलटा अर्थ देतो असे नाही. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याची किंमत करता येत नाही असे. आपल्या 'अमोल'मध्ये नकार याच रीतीने काम करतो, त्यामुळे मराठी माणसाने तरी इथे अडखळू नये. इनफेमस म्हणजे अप्रसिद्ध नसून कुप्रसिद्ध, आणि इनडिफरंट म्हणजे समान नसून उदासीन.

काही शब्दांत तर हा नकार इतका मुरला आहे की आता तो दिसतच नाही. इन्फंट म्हणजे न बोलणारा, ज्याला अजून वाचा फुटलेली नाही असा. एनिमी हा शब्द फ्रेंचमधून फिरून आल्याने त्याचा 'इ' बदलला आहे, पण मुळात तो 'मित्र नसलेला' असाच आहे. गणितातला इंटिजर म्हणजे ज्याला स्पर्श झालेला नाही, म्हणून अखंड. आपण त्याला पूर्णांक म्हणतो. इंडिव्हिज्युअल म्हणजे ज्याचे विभाग पडत नाहीत असा, आणि ग्रीक 'अ‍ॅटम'चाही शब्दशः अर्थ न कापता येणारा हाच असल्याने रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने अणूसाठी लॅटिनमध्ये 'इंडिव्हिडुअम' हा शब्द योजला. याच्या नेमका उलट आहे तो इन्सेक्ट : त्यातही कापण्याचा धातू आहे, पण उपसर्ग दुसरा, 'आत' या अर्थाचा. कीटकाच्या शरीराला जागोजागी खाचा पडलेल्या दिसतात म्हणून ग्रीकांनी त्याला 'आत कापलेला' म्हटले होते आणि रोमन लेखकांनी त्याच नावाचे लॅटिन रूप केले.