नामिबियाचे ढग आणि धूर, अपडेट ३: तपकिरी पिक्सेलनी केला घोळ

मागच्या अपडेटमध्ये मी छातीठोक लिहिलं होतं ना, की धूर आला की नामिबियासमोरच्या समुद्रावरचे ढग विरळ होतात, ते वाक्य मागे घेतो. गडबड माझ्याच स्क्रिप्टमध्ये होती.

झालं असं, की ऑगस्ट-सप्टेंबर २०१७ च्या मोडिस (नासाच्या टेरा आणि अ‍ॅक्वा या दोन उपग्रहांवरचा कॅमेरा) इमेजेसवर मी सरळ कट-ऑफ लावला होता, पिक्सेल ठराविक उजेडाच्या वर असला तर ढग, नाहीतर समुद्र. पण अंगोला-झांबियाकडची गवताळ रानं पेटतात त्यांचा धूर ढगांच्या वरून वाहत येतो, त्यामुळे पांढराशुभ्र ढग वरून बघताना मळकट तपकिरी दिसतो आणि माझी स्क्रिप्ट म्हणते, ढग गायब! तीन आठवडे मी धुराची काजळी मोजत होतो आणि ढग मोजतोय असं समजत होतो.

उपाय सोपा निघाला. मोडिसचा बँड ७, म्हणजे साधारण २.१ मायक्रॉन वेव्हलेंग्थचा, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश. धुराचे कण त्या वेव्हलेंग्थपेक्षा इतके बारीक असतात की तिथे धूर जवळपास दिसतच नाही, ढग मात्र दिसतो. तेच दिवस परत चालवले तर बहुतेक ‘गायब’ ढग जागच्या जागी. हां, आणि टेराची सकाळची इमेज अ‍ॅक्वाच्या दुपारच्या इमेजशी लावू नका, हे ढग दुपारकडे तसेही पातळ होतात, धूर असो वा नसो.

आता मजेचा भाग. धूर ढगाच्या वर असला तर तो ऊन शोषून तिथली हवा तापवतो, ढगावरचं गरम हवेचं झाकण आणखी घट्ट बसतं, वरची कोरडी हवा आत कमी घुसते आणि ढग टिकतो. तोच धूर ढगाच्या थरात शिरला की आतलीच हवा तापते, सापेक्ष आर्द्रता उतरते, थेंब वाळायला लागतात. शिवाय धुराचे कण थेंबांचं बी होतात, तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक, ढग उजळ, भुरभुर कमी. म्हणजे सगळा खेळ धूर कुठल्या उंचीवर आहे त्याचा.

थेंबांचं बी हे प्रकरण मी बाटलीत करून बघितलं. तळाला थोडं कोमट पाणी, झाकण लावून दाबली, सोडली, काही नाही, जेमतेम धूसर. मग विझलेल्या काडीचा एक झुरका आत सोडला, परत दाबून सोडली आणि बाटली एकदम दुधाळ! सात-आठ वेळा केलं, दर वेळी तेच.

धुराच्या उंचीसाठी कॅलिप्सो उपग्रहाचा जुना लिडार डेटा (वरून लेझर सोडून थरांची उंची मोजतात तो) उघडलाय (उपग्रह २०२३ मध्ये बंद झाला, पण २०१७ चं सगळं आहे). त्यात एक फसवणूक आहे, हिरवा लेझर दाट धुरातून खाली येईपर्यंत इतका दमतो की धुराचा तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, मग धूर आणि ढग यांच्यात मोकळी जागा आहे असं वाटतं, जी खरं तर नसू शकते. म्हणून त्याच लिडारचा १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड चॅनेल, जो धुरात कमी दमतो, शेजारी ठेवून बघतोय.

समुद्राची पुढची पट्टी दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाजवळची घेणार. किनाऱ्यापासून तितक्या लांब पोचेपर्यंत धूर खाली उतरत येतो आणि ढगांचा थर उंचावतो, त्यामुळे दोघं खरंच एकमेकांत मिसळतात, ऑगस्टमध्ये तर जास्तच. नवीन कट-ऑफ आधी बिनधुराच्या दिवसांवर तपासून घेतो, मगच आकडे टाकेन.