जेन्सन एफएफ घेताय? आधी गाडीखाली वाका

जेन्सन एफएफ ही जुनी ब्रिटिश गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावतो. इंजिन बघावं, पण या गाडीत सर्वांत सहज मिळणारी वस्तू तीच आहे. क्रायसलरचं ६,२७६ सीसीचं व्ही-८, त्याच्यामागे त्यांचाच तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक. पिस्टनपासून गॅस्केटपर्यंतचा माल आजही अमेरिकेतून मागवता येतो. न मिळणारं सगळं गाडीच्या पोटात आहे: फर्ग्युसनचा फोर-व्हील ड्राइव्ह आणि मूळ विमानांसाठी तयार झालेलं डनलॉपचं मॅक्सारेट अँटिलॉक, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. हे दोन्ही एकत्र देणारी ही ब्रिटिश ग्रँड टूरर १९६६ मध्ये आली आणि १९७१ पर्यंत फक्त ३२० गाड्या बनल्या. सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या, कारण पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट इंजिनाच्या डाव्या अंगाने जातो आणि तिथे स्टिअरिंगला जागा उरत नाही. कंपनीला यामुळे मोठ्या बाजारपेठा मिळाल्या नाहीत. भारतात मात्र हीच गोष्ट सोयीची.

पुढच्या चाकामागे मडगार्डवर दोन जाळ्या असतील तर एफएफ, एकच असेल तर तिची फोर-व्हील ड्राइव्ह नसलेली बहीण इंटरसेप्टर, असं सांगतात. जाळी काय, कुणीही पत्रा कापून बसवेल. टेप घ्या आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. एफएफ १०९ इंच भरते, इंटरसेप्टर १०५. हे वाढीव चार इंच दाराच्या पुढे आहेत, म्हणून इंटरसेप्टरचं पुढचं मडगार्ड हिला बसत नाही. तो भाग सडलेला असेल तर पत्रा हाताने घडवावा लागेल, हे धरूनच किंमत बोला. दाराखालचे सिल आणि चाकांच्या कमानी चुंबक लावून तपासा. चुंबक धरत नसेल तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

आता खरा मुद्दा. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा भाग म्हणजे ट्रान्सफर बॉक्स. त्यातलं मधलं डिफरन्शियल ३७ टक्के जोर पुढे आणि ६३ टक्के मागे देतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांपासून फार फटकू नयेत म्हणून त्यात क्लच प्लेटा आहेत. चारही चाकं अशी बांधलेली असल्यामुळे जेन्सनला चार सेन्सरची गरज पडली नाही, एकच मॅक्सारेट पुरलं. त्यात एक छोटं फ्लायव्हील फिरतं. ब्रेकमुळे शाफ्ट एकदम मंदावला की फ्लायव्हील पुढे धावतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि ब्रेकचा दाब सुटतो. क्लच झिजले तर दोन चाकं अडकूनही मॅक्सारेटला पत्ता लागत नाही. म्हणून ब्रेक तपासताना ट्रान्सफर बॉक्स वेगळा काढून विचार करता येत नाही.

तपासणी पावसाळ्यात करा. मोकळ्या खाजगी जागेत, ओल्या मुरमावर, ताशी ३० ते ४० किलोमीटरला पेडल जोरात दाबा. पायाला ठोके बसले पाहिजेत. नुसती घसरली तर मॅक्सारेट जाम आहे किंवा कुणीतरी बाजूला काढून टाकलंय. तशी गाडी म्हणजे जास्त वजनाची इंटरसेप्टर. एफएफच्या भावाने अजिबात घेऊ नये.

क्लच टिकवायचे तर चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सारख्या झिजलेले हवेत. एक पंक्चर होऊन बाद झाला तरी चार बदला. खर्च टोचतो, पण मापातला फरक क्लच मैलोन्‌मैल घासत राहतो. दोन चाकं उचलून नेणारं टोइंग नको, सपाट ट्रकच बोलवा. एका ॲक्सलच्या रोलरवर ब्रेक टेस्टही करू देऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. महाबळेश्वर-पाचगणीकडे गाडी ठेवत असाल तर दर पावसाळ्यानंतर डॉट ४ बदला.

एप्रिलमध्ये वाईहून पसरणी घाट चढताना हिची दुसरी खोड दिसते, ती म्हणजे उष्णता. अरुंद बॉनेटखाली मोठं इंजिन, त्यात रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी घातलेलं असलं तर नळ्या क्षाराने बुजतात. रेडिएटर उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई घालून सफाई, करून घ्या. कूलंट एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर दोन भाग ठेवा. इथे गोठण्याची भीती नाही आणि पाणी उष्णता जास्त वाहून नेतं.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलवर इंजिन सुमारे ७ ते ८ टक्के हलक्या (इंधन कमी, हवा जास्त) मिश्रणावर चालतं आणि आणखी तापतं. कार्टर कार्ब्युरेटरचे मीटरिंग रॉड वरची छोटी झाकणं काढून, कार्ब्युरेटर न उतरवता बदलता येतात. इंधन वाढवायला एक पायरी बारीक रॉड घाला, मग प्लगचा रंग बघा. जुने रबरी पेट्रोल पाइप मात्र आधी फेका. इथेनॉलने ते आतून सुटतात आणि गळती थेट गरम मॅनिफोल्डवर होते.

नोंदणी व्हिंटेज मालिकेत, म्हणजे व्हीए क्रमांकाने, करता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार असेल तर ही नोंदणीच अडते, म्हणून दुसरं इंजिन बसवलेली एफएफ कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.