‘काही नाही, नंतर सांगतो’

घरात, वर्गात, कचेरीत सगळे एकदम हसतात. कर्णबधिर माणूस शेजारच्याला विचारतो, ‘काय झालं?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘काही नाही, नंतर सांगतो.’ ते ‘नंतर’ सहसा येत नाही. आलंच, तर दहा मिनिटांच्या गप्पा एका वाक्यात उरकलेल्या असतात. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण समोरच्याला काय कळायला हवं आणि काय नको, हे त्याने परस्पर ठरवून टाकलेलं असतं. कर्णबधिरांशी होणारा भेदभाव बहुतेक वेळा असाच असतो. हाकलून कुणी देत नाही. गाळून दिलं जातं, एवढंच.

‘ओठांवरून समजतं ना?’ हा प्रश्न तर हमखास येतो. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाळ, बाळ, माळ’ म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि उघडतात. ‘ताट, थाट, दाट’ यांत जीभ दातांमागे काय करते ते बाहेरून दिसत नाही. ‘कडी, खडी, गडी’ यांतला फरक तर घशाजवळच संपतो. म्हणजे ओठ वाचणारा माणूस निम्म्याहून जास्त मजकूर संदर्भावरून जुळवत असतो. विषय बदलला, बोलणाऱ्याने मान वळवली, तोंडावर मास्क आला की जुळणी तुटते. मोठ्याने बोलूनही उपयोग नाही, कारण ओरडताना ओठांचे आकार बिघडतात. दिवसभर हे करून डोळे आणि डोकं दोन्ही थकतात. त्या थकव्याला शिक्षक ‘लक्ष नसतं’ म्हणतात.

श्रवणयंत्राबद्दलही असाच गैरसमज. चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येतं, ही समजूत. यंत्र आवाज मोठा करतं, स्पष्ट करेलच असं नाही. आतल्या कानाचा दोष असेल तर ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखे बारीक ध्वनी मोठे करूनही नीट उमटत नाहीत. शिवाय अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, आणि बंद खोलीत त्यात पंख्याची घरघर, बाकांचा खरखराट, भिंतींवरून येणारा घुमारा मिसळतो. शिक्षकाच्या गळ्यातला बिनतारी माइक यावर चांगला उपाय आहे. तो तोंडापासून साधारण एक वीत खाली हवा, ओढणी किंवा साखळी त्यावर घासता कामा नये, आणि मागच्या बाकावरून आलेला प्रश्न शिक्षकाने स्वतः पुन्हा म्हणायला हवा. नाहीतर मुलाला नुसती उत्तरं ऐकू येतात, प्रश्न नाहीत.

मूल कर्णबधिर आहे असं कळलं की त्याला पहिल्या बाकावर, अगदी मधोमध बसवतात. हेतू चांगला, जागा चुकीची. तिथून फळा आणि शिक्षक दिसतात, पण पाठीमागे कोण बोललं, कशावर हसले, काही कळत नाही. दुसऱ्या रांगेत, एका कडेला, खिडकीकडे पाठ करून बसवलं तर जरा मान वळवून अर्धा वर्ग नजरेत येतो. बाकं घोड्याच्या नालासारखी मांडली तर फारच उत्तम. शिक्षकाने खिडकीसमोर उभं राहू नये. मागून उजेड आला की चेहऱ्याची नुसती काळी आकृती उरते.

फळ्याकडे तोंड करून बोलणं ही सगळ्यांत जुनी सवय आणि सगळ्यांत महागडी. ऐकणारं मूल एकाच वेळी ऐकतं आणि लिहितं. कर्णबधिर मुलाचे डोळे एकावेळी एकाच जागी असू शकतात: शिक्षक, दुभाषा, फळा किंवा वही. मान खाली घालून एक ओळ लिहिली की तेवढं बोलणं गेलं. म्हणून टिपणं आदल्या दिवशी द्यायची. फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे वळायचं आणि मगच बोलायचं. ‘वेगळी सवलत कशाला’ म्हणणाऱ्यांनी एक तास मान खाली न घालता टिपणं काढून पाहावीत.

दुभाषा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. तो वाक्य ऐकतो, अर्थ धरतो, मग खुणा करतो. यात काही सेकंद जातात. शिक्षकांनी ‘कोण सांगेल?’ विचारलं आणि तो प्रश्न खुणांतून पोचला, तोवर पुढच्या बाकावरच्याने उत्तर दिलेलं असतं. वर्षभर हात वर न करणारं मूल ‘बुजरं’ ठरतं. उपाय फुकटचा आहे. प्रश्न विचारून मनात पाच आकडे मोजायचे. चर्चेत एकावेळी एकानेच बोलायचं, आणि बोलण्याआधी हात वर करायचा. एकाच दुभाष्याला सलग तासन्‌तास जुंपलं की अर्थ गळायला लागतो. म्हणून दोघे असतात आणि ते साधारण 20 ते 30 मिनिटांनी जागा बदलतात. धड्यातले पारिभाषिक शब्द त्यांना आधी हवेत. आणि बोलायचं ते मुलाकडे पाहून. दुभाष्याला ‘त्याला विचारा, समजलं का’ म्हणणं म्हणजे मूल खोलीत नाही असं धरून चालणं.

परीक्षेत होणारा घोळ वेगळाच. पर्यवेक्षक दारातून सांगून जातात, ‘प्रश्न चारमध्ये छपाईची चूक आहे.’ सगळा वर्ग दुरुस्ती करतो, एक मूल चुकलेलं गणित सोडवत बसतं. तोंडी सूचना फळ्यावर लिहायला अर्धं मिनिट लागतं.

पण खरं नुकसान शाळेच्या आधीच झालेलं असतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खुणांची भाषा कुणाला येत नाही, आणि ‘आधी बोलू लागू दे, खुणा केल्या तर आळशी होईल’ असा सल्ला मिळतो. सांकेतिक भाषेने बोलणं खुंटतं याला आधार नाही. भाषा उशिरा मिळण्याने मात्र खूप काही खुंटतं. भाषा बसण्याची वर्षं निघून जातात, शाळेत आलेल्या मुलाकडे पुरती एकही भाषा नसते, मग त्याचं लेखन कच्चं राहतं आणि त्यावरून त्याची बुद्धी मोजली जाते.

या सल्ल्याला इतिहास आहे. 1880 साली मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने वर्गात खुणांऐवजी तोंडी भाषेचाच आग्रह धरला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर अनेक देशांत कर्णबधिर शिक्षक वर्गाबाहेर गेले आणि खुणा केल्याबद्दल मुलांच्या हातांवर मार बसला. अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण असल्याचं भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी 1960 साली मांडलं. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात, कलम 24 मध्ये, सांकेतिक भाषा शिकण्याची सोय आणि कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख यांचा स्पष्ट उल्लेख आला. मिलानचे ठराव त्याच परिषदमालिकेने व्हँकुव्हरमध्ये फेटाळले ते 2010 साली. एकशे तीस वर्षं.

‘मग लिहून दाखवा की’ हा रोजचा तोडगाही इथेच अडतो. ज्या व्यक्तीची पहिली भाषा सांकेतिक आहे, तिच्यासाठी लिखित मराठी किंवा इंग्रजी ही दुसरी भाषा. दवाखान्यात शस्त्रक्रियेचं संमतीपत्र पुढे सरकवून ‘वाचा आणि सही करा’ म्हणणं ही समजावणी नव्हे. आठ वर्षांच्या ऐकणाऱ्या मुलीला आईचा आजार समजावायला उभं करणं तर त्याहून वाईट.

बाकी दिवसभरात अडथळे पावलोपावली. रांगेत नाव पुकारलं जातं, नंबर दिसत नाही. हेल्पलाइनला फक्त आवाज चालतो. दुसऱ्या माणसाने फोन केला तर ‘खातेदारालाच बोलायला द्या’ म्हणतात. आगीची घंटा वाजते, दिवा लुकलुकत नाही. लिफ्ट अडकली की धोक्याचं बटण दाबायचं. पलीकडून आवाज येतो, ‘बोला.’ काही क्षण थांबतो, पुन्हा ‘बोला’ म्हणतो, आणि चुकून दाबलं गेलं असेल असं समजून लाइन बंद होते.