पुरात भिजलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड घरी उतरवताना

गाडी सिग्नलला उभी असताना आत सायलेन्सरचा वास येऊ लागला, तर ते अंगावर काढू नये. आमच्या मारुती ८०० मध्ये असा वास येत होता. मागे बसलेल्या सासूबाईंचं डोकं सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत पोचेतो ठणकायला लागायचं. त्यांना वाटायचं, ऊन लागलं. मला धास्ती होती कार्बन मोनॉक्साइडची. या वायूला स्वतःचा वास नसतो, वास येतो तो धुरातल्या बाकीच्या घटकांचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत सासूबाईंना रिक्षानं पाठवायचं आणि आम्ही चारही काचा उघड्या ठेवायच्या, असं घरात ठरलं.

दुसरी खूण आवाजाची होती. सकाळी गार इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिक्-टिक् ऐकू यायचं आणि गाडी तापली की थांबायचं. टॅपेटचा (इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या भागाचा) आवाजही असाच वाटतो, म्हणून बरेच जण आधी टॅपेट सेट करून घेतात. इथं मात्र जोडातल्या फटीतून धूर गळत होता आणि धातू तापून फुगला की ती फट मिटत होती. खात्री करायला गार गाडी सुरू केली आणि नवऱ्याला मागे सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर जाड फडकं धरायला लावलं. टिकटिक एकदम वाढली. टॉर्च मारली तर मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा नळा) जिथं हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकतो तिथं काजळीचा काळा पट्टा दिसला. दोघांमधलं, धूर अडवणारं पॅकिंग उडालं होतं.

गॅरेजवाले हे काम घ्यायला का-कू करत होते आणि त्यांचं कारण खरं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ही गाडी गावभागात बॉनेटपर्यंत बुडाली होती. नंतर इंजिन धुतलं, सगळी ऑइलं बदलली, वायरिंग केलं. पण सायलेन्सरच्या जोडांवरचे नट कुणीच उघडले नाहीत. आधीच तापून-गार होऊन जाम झालेले नट, त्यात पुराचा गाळ आणि गंज. जोर लावला की स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) हेडमध्ये तुटणार, मग हेड उतरवा, ड्रिल मारा, नवे आटे पाडा. गॅरेजला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते. या कामाला नुसतं थांबणं लागतं, आणि ते घरीच परवडतं. म्हणून मी ते अंगणात करायचं ठरवलं.

सोबतीला आप्पा, म्हणजे माझे वडील होते. ते किर्लोस्करवाडीला ओतकामात होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली ती वाडी लोखंडी नांगरांमुळे घराघरात पोचली, आणि तिथं उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला बीड (ओतीव लोखंड) कसं वागतं हे सांगावं लागत नाही. मी हातोडा उचलला की ते म्हणायचे, "आगं पोरी, बीड हाय ते. ठोकू नगंस, तडकंल." मॅनिफोल्ड बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड पोलादाचे. तिघांचं फुगणं वेगवेगळं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. सारखं तापणं आणि निवणं झालं की पॅकिंग घासलं जातं ते यामुळेच.

पहिल्या संध्याकाळी पाना लावलाच नाही. वरचा उष्णतारोधक पत्रा १० नंबरच्या पान्यानं काढला, तारेच्या ब्रशनं प्रत्येक स्टडचे उघडे आटे घासले आणि नटाच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारला. हा स्प्रे गार धातूवरच मारावा. तापलेल्या मॅनिफोल्डवर उडवला तर पेट घेऊ शकतो. सकाळी तो मुरलेला असायचा. मग गाडी उघड्यावर थोडी चालवून गरम करायची, पूर्ण निवू द्यायची आणि पुन्हा स्प्रे. गरम करताना त्याचा धूर होतो, म्हणून हे बंद शेडमध्ये करू नये. तापण्या-निवण्यात तेल आट्यांत खोल शिरतं. हाताला काही काम नसल्यानं हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते निम्मं काम इथंच होतं.

उतरवायच्या दिवशी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर काढला. गाडी जॅकवर उचलून स्टँडवर बसवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, विटांवर तर नाहीच. खालचा पाइप सोडताना तो लोंबकळू नये म्हणून तारेनं बांधून ठेवला, नाहीतर सगळा भार पुढच्या जोडावर येतो.

मग मुख्य नट. पाना सहा कोनांच्या गोटीचाच (नटावर बसणाऱ्या सॉकेटचाच) घ्यावा. बारा कोनांचा रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. आप्पांनी शिकवलेली रीत अशी: आधी किंचित आवळायचं, 'कट्' असा आवाज आला की गंजाची पकड मोडली. मग पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, स्प्रे मारायचा, पुन्हा सोडायचा. हाताला नट रबरासारखा ताणल्यागत वाटू लागला तर तिथंच थांबायचं, कारण तेव्हा नट सुटत नसतो, स्टड पिळला जात असतो. कडेचे नट आधी आणि मधले शेवटी, सगळे थोडे थोडे सैल करत गेले.

एका नटाचे कोपरे कुणीतरी पूर्वीच गोल करून ठेवले होते. ब्लो लॅम्पनं तापवला असता तर तो सुटलाही असता, पण शेजारून पेट्रोलची नळी जाते. तिथं ज्योत नेणं मला मान्य नव्हतं. १२ नंबरच्या त्या नटावर ११ नंबरची जुनी गोटी हलक्या टोल्यांनी बसवली. हातोडा नटाच्या रेषेत सरळ, बिडावर एकही घाव नाही, आणि आप्पांची नजर सतत माझ्या मनगटावर. गोटी रुतली आणि नट फिरला. दुसऱ्या एका ठिकाणी नटाऐवजी अख्खा स्टडच हेडमधून बाहेर आला. ते चांगलंच झालं. नवा स्टड बोटांनी शेवटपर्यंत गेला, म्हणजे हेडमधले आटे शाबूत होते.

मॅनिफोल्ड निघाला. पॅकिंग मधल्या सिलिंडरच्या तोंडाशी जळून पार गेलं होतं. मॅनिफोल्डच्या तोंडांवर पोलादी पट्टी उभी धरली, तर मध्ये ०.१५ मि.मी.चा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकला. एवढं वाकलेलं असताना नवं पॅकिंग फार टिकत नाही, म्हणून तो कुपवाड एमआयडीसीत नेऊन फेसिंग करून, म्हणजे तोंडं सपाट करून घेतला. तडा नव्हता. तडा असता तर मी बिडाचं वेल्डिंग करून घेतलं नसतं, दुसरा मॅनिफोल्ड आणला असता.

हेडची तोंडं चिंध्यांनी बंद करून जुन्या पॅकिंगचे तुकडे लाकडी पट्टीनं खरवडले. ॲल्युमिनियमवर पोलादी पातं चालवलं तर ओरखडे पडतात आणि धूर तिथूनच वाट काढतो. नवं पॅकिंग कोरडंच बसवलं, सिलिकॉन लावलं नाही. नट सगळे नवे घेतले आणि स्टडच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं, पुढच्या वेळी कुणाला तरी ते सोडायचे आहेतच. आवळताना मधून कडेकडे. ८ मि.मी.च्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, तरी आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. टॉर्क पाना मिळत असेल तर अंदाजानं आवळू नये.

गाडी सुरू केल्यावर सांडलेल्या तेलाचा धूर थोडा वेळ निघतो, त्याला घाबरू नये. टिकटिक नव्हती. फडक्याची तीच परीक्षा पुन्हा केली, जोडाशी साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा आला नाही. गाडी पूर्ण निवल्यावर नट परत तपासले. मधले दोन किंचित फिरले, तेवढे आवळून पत्रा लावला.