राखण

दुपारी वीज गेली की आमच्या परभणीत घरोघर जे उद्गार निघतात, ते इथे लिहिण्यासारखे नसतात. आषाढ लागूनही पावसाचा पत्ता नाही, भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या, आणि जेवण करून नेमकी पाठ टेकावी तर पंखा दोन गिरक्या घेऊन थांबतो. यंदा मात्र मी घड्याळाकडे पाहत त्या क्षणाची वाट पाहते. पाती पूर्ण थांबली, खिडक्यांच्या जाळ्या लागल्या आहेत याची खात्री झाली, आरशावर टॉवेल टाकून झाला, की मी पिंजऱ्याचे दार उघडते. घरात मोकळ्या सोडलेल्या पाखराचा पहिला वैरी म्हणजे छताचा पंखा. त्यामुळे भारनियमनाचा तास तोच आमच्या पाखरांचा फिरायचा तास, असे आपोआप ठरून गेले आहे.

ही दोन पाखरे मुळात माझ्यासाठी आलेली नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत संभाजीनगरहून नात आली आणि तिने पहिल्याच आठवड्यात पोपटाचा हट्ट धरला. यांना तर निमित्तच हवे होते. "घ्यायचाच तर आपला राघू घेऊ, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला," असे म्हणत हे तिला घेऊन दुकानात गेले. तिथे दुकानदाराने आवाज खाली आणून "दोन दिवसांनी या, बघतो" असे सांगितले, आणि ते यांनी घरी येऊन मला मोठ्या कौतुकाने ऐकवले. आपल्याकडचा रानातला पोपट पकडणे, विकणे आणि घरात पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, असे मी म्हटले, तर यांचे उत्तर असे, की 1972 म्हणजे आपले कृषी विद्यापीठ निघाले ते साल. यांचे नेहमीच असे असते. यांना सालाशी कर्तव्य, कायद्याशी नाही. मला तर 1972 म्हटले की फक्त दुष्काळ आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ आजीचा राघू. पण त्याच्याकडे नंतर येते.

शेवटी आले ते बजरीगर. दुकानात त्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि हे ऑस्ट्रेलियातले, पण बाजारात तेच नाव चालते. एक निळा आणि एक हिरवी. नाकपुड्यांभोवतीची पट्टी निळी असेल तर नर आणि तपकिरी असेल तर मादी, असे दुकानदाराने नातीला शिकवले होते, त्यामुळे पुढचे आठ दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती पट्टी पाहावी लागली. हिरवा हा त्यांचा मूळचा, रानातला रंग. निळा माणसाने पिंजऱ्यात जोपासलेला. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात ही पाखरे थव्याथव्याने पावसामागे फिरतात, जिथे पाणी पडून गवताला बी धरले असेल तिथे उतरतात आणि ते संपले की पुढे जातात. गावेच्या गावे पाण्यासाठी बाहेर पडलेली पाहिलेल्या आम्हा मराठवाड्याच्या माणसांना त्यात फारसे नवल वाटू नये.

नव्या पाखराला घरात रुजवायचे तर पहिले काही दिवस काहीही करायचे नसते, आणि आमच्या घरात ते कोणालाच जमण्यासारखे नव्हते. "तीन दिन हात मत डालो, अम्मा," असे दुकानदाराने मला फोनवर बजावले होते. यांनी तीन तासही धीर धरला नाही. पिंजऱ्याच्या सळ्यांवर बोट वाजवून हे "विठू विठू म्हण" असा आग्रह करू लागले, तेव्हा दोघेही मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, पिसे अंगाशी आवळून, श्वास घेतात की नाही अशी शंका यावी इतके निश्चल बसले. दाण्याला त्या दिवशी आमच्यादेखत कोणी चोच लावली नाही. मग मी पिंजरा बैठकीत हलवला, पाठीमागे भिंत येईल असा आणि साधारण डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, आणि दोन बाजूंनी जुन्या धोतराचे फडके सोडले, म्हणजे पाखराला लपायला आडोसा मिळतो. कूलरचा झोतही तिकडून वळवला. स्वयंपाकघरात तर पिंजरा ठेवूच नये. नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्यातून निघणारी वाफ माणसाला कळतही नाही, पण एवढ्याशा पाखराचा जीव घेऊ शकते. या निमित्ताने मी तो तवा माळ्यावर टाकला आणि भाकरीचा काळा लोखंडी तवा खाली काढला, याचा मला खरे तर पाखरांइतकाच आनंद झाला.

पाखराला आपला आवाज ओळखीचा व्हावा म्हणून जवळ बसून हळू आवाजात बोलत राहावे, हे खरे. पण दोन अनोळखी पाखरांशी बोलायचे काय? यांच्या तक्रारी सांगून झाल्या, भाजीचे भाव सांगून झाले. शेवटी 31 वर्षे प्राथमिक शाळेत ज्यावर निभावले तेच कामी आले, आणि मी पाढे म्हणू लागले. बे एके बे पासून सुरुवात केली; नंतर पावकी, निमकी, पाऊणकी असे करत करत मी स्वतः वडिलांच्या धाकाने पाठ केलेल्या औटकीपर्यंत पोहोचले आणि तिथे अडखळले. पाखरांना त्याचे काही वाटले नाही. पाचव्या की सहाव्या रात्री मी दिवा मालवला, तेव्हा पिंजऱ्यातून चोच घासल्यासारखा बारीक करकर आवाज आला. मी घाबरून बॅटरी आणणार होते. पण पाखरू निवांत झाले, झोपेला आले, की असा आवाज करते, हे मागाहून कळले. हिरवी तर एक पाय पोटात घेऊन झोपली होती. ज्याला पळायची तयारी ठेवायची आहे, तो एका पायावर झोपत नाही.

यानंतर हाताची पाळी येते, आणि ती फार हळू येते. पाखराला हात म्हणजे काय वाटत असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. जे जे वरून येते ते शिकरा, ही त्याच्या रक्तातली समजूत आहे. म्हणून हात वरून न्यायचा नाही, समोरून आणि खालच्या अंगाने न्यायचा, आणि एकदा नेला की हलवायचा नाही. आधी दोन-चार दिवस तो नुसता पिंजऱ्याबाहेर ठेवायचा, मग दारात, मग आत, आणि बोटांत राळ्याचे कणीस धरायचे. दुकानदार त्याला कंगणी म्हणतो. मी पुडी उघडून पाहिली तर आमचे राळे! माझ्या लहानपणी शेतात राळे असे, आजारातून उठलेल्याला राळ्याचा मऊ भात मिळे, आणि पुढे ते शिवारातून कधी गेले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जगभर साजरे झाले तेव्हा त्यावर भाषणे पुष्कळ ऐकली, पण राळ्याचे अख्खे कणीस मला पाहायला मिळाले ते पाखरांच्या दुकानातून आलेल्या पुडीत.

विसाव्या दिवसाच्या आसपास निळ्याने कणसाला चोच लावली. त्यानंतर चार दिवसांनी तो बोटावर आला. बोट त्याच्या पोटाला, पायांच्या किंचित वर, हलकेच टेकवले की तो आधी चोचीने ते चाचपतो. त्याला चावणे समजून हात मागे घेतला की संपले, कारण जी फांदी मागे सरकते तिच्यावर कोणीही पाय ठेवणार नाही. दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी त्याच्या पायाची पकड असते. जेमतेम 30-40 ग्रॅमचे ते ओझे बोटावर आले, आणि त्याची ऊब नखाच्या मुळाशी लागली, तेव्हा मी पाढा म्हणायची थांबले. "राघू हाताला लागला" असे आजी म्हणत असे. तो शब्दप्रयोग इतक्या शब्दशः घ्यायचा असतो, हे मला वयाच्या साठीनंतर कळले.

सेलूजवळ दुधनेच्या काठी आमचे शेत होते. दुष्काळ सरल्यावर ज्या वर्षी जोंधळा पहिल्यांदा नीट भरला, त्या वर्षी घरातल्या पोरासोरांसह सगळे राखणीला लागले होते. कणसात दूध भरले की राघूंचे थवे उतरत. चिमणी दाणा टिपते. राघू मात्र कणसाचा तुकडाच तोडतो, पायात धरून थोडा खातो आणि उरलेला खाली टाकून पुढच्या कणसाकडे वळतो. त्या वर्षी तशी नासाडी पाहणे कोणालाच शक्य नव्हते. मचाणावर भाऊ गोफण घेऊन उभा असे. गोफण मुलीच्या हाती द्यायची नाही असा दंडक होता, म्हणून माझ्याकडे रॉकेलचा फुटका डबा आणि घसा. "हाऽऽ हुर्रऽऽ" ही आरोळी मी अशी देत असे, की पलीकडच्या धुऱ्यावरची पाखरेसुद्धा उठत. भावाच्या गोफणीपेक्षा ही पोर बरी, असे आजोबा म्हणत, आणि तेवढ्या कौतुकावर मी दिवसभर ओरडत राही.

आणि तेच आजोबा संध्याकाळी ढाळजेत टांगलेल्या पिंजऱ्यासमोर बसून आजीच्या राघूला पेरूची फोड भरवत. कायदा होऊन वर्ष झाले असेल, पण तो आमच्या गावापर्यंत पोहोचला नव्हता. त्या राघूचे पंख छाटलेले होते. त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ मिळे, आणि हिरवी मिरची तो आवडीने खाई. तिखटाने त्याची जीभ सुटेल अशी आजीची खात्री होती. पाखरांना मिरचीचा जाळ मुळी जाणवतच नाही, हे तिला कोण सांगणार? सकाळी ज्याच्या भाऊबंदांवर दगड भिरकावायचे, त्यालाच संध्याकाळी फोड भरवायची, यात घरात कोणालाच काही विसंगत वाटत नव्हते, आणि मलाही वाटत नव्हते.

आजीने त्याला "विठ्ठल विठ्ठल" शिकवण्याचा फार प्रयत्न केला. तो शिकला नाही. मी घरी येऊनही अंगणात आरोळ्या देत असे. त्याने ती आरोळी उचलली, हुबेहूब, माझ्याच आवाजात. दिवस मावळताना रानातले थवे वाड्यावरून नदीकडच्या झाडांवर परतत, आणि त्यांचा कलकलाट ऐकू आला की हा पिंजऱ्याच्या सळ्यांना बिलगून, मान वर करून ओरडे, "हाऽऽ हुर्रऽऽ." त्याला त्यांना हाक मारायची असावी. त्याच्यापाशी दुसरा शब्द नव्हता. आम्ही सगळे पोट धरधरून हसत असू, आणि पाहुणे आले की मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबवून घेत असू.

हे सगळे मी विसरून गेले होते, असे म्हणायला हरकत नाही. पण मागच्या मंगळवारी दुपारी वीज गेली, मी नेहमीप्रमाणे जाळ्या पाहिल्या, टॉवेल टाकला, दार उघडले आणि पंख्याचे बटण बंद करायचे तेवढे राहिले. एरवी तासभर न येणारी वीज वीस मिनिटांत आली. निळा पडद्याच्या दांडीवरून नुकताच उडाला होता आणि पाती फिरू लागली होती. मला बटणापर्यंत पोहोचायला वेळ नव्हता, आणि माझ्या घशातून जे निघाले ते पन्नास वर्षांपूर्वीचे होते. माझ्याच कानठळ्या बसल्या. निळा हवेतल्या हवेत वळला, भिंतीला घासत खाली आला आणि कपाटामागे जाऊन पडला. हिरवी पिंजऱ्यातून बाहेरच आली नाही. हे झोपेतून उठून बाहेर आले आणि "चोर आला का?" असे विचारू लागले.

त्याला लागले काहीच नाही. पण तेव्हापासून दोघेही पुन्हा मागच्या कोपऱ्यात असतात, धोतराच्या फडक्याआड. मी हात दाराशी नेला तरी पिसे आवळून घेतात. नात फोनवर "आजी, निळा बोटावर आला का?" असे रोज विचारते आणि मी "येईल" म्हणते. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात आहे. हात बाहेर, मग दारात, मग आत. त्याची मला तक्रार नाही, सेवानिवृत्त बाईला वेळ पुष्कळ असतो.

मला लागलेली काळजी वेगळीच आहे. बजरीगरातला नर बोलायला शिकतो, आणि निळा गेले तीन दिवस पहाटेच्या वेळी एकटाच काहीतरी पुटपुटतो. आवाज इतका बारीक आहे की पिंजऱ्याला कान लावला तरी अक्षर लागत नाही, आणि कान लावला की तो गप्प होतो. म्हणून मी आता उठल्यापासून पाढेच म्हणत असते. मंगळवारी त्याच्या कानात जे गेले, त्यावर बे एके बे, बे दुणे चार यांचे थर चढावेत म्हणून पिंजऱ्यापाशी बसून, भाजी निवडताना, यांना चहा देतानासुद्धा म्हणत असते. आज पहाटे त्याने पुन्हा तोंड उघडले. 'बे' होते की 'हा' होते, ते काही कळले नाही.