भिंतीतला पिंपळ

वाईतला आमचा वाडा दुरुस्तीला काढला, तेव्हा आधी लाकडाचा खर्च निघेल असं वाटलं होतं. निघाला झाडांचा. परसातली घाणेरी नि रानमोडी गड्यांनी कोयत्यानं हां हां म्हणता साफ केली. खरं दुखणं मागच्या भिंतीत होतं, पिंपळ आणि उंबर. पाखरांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, भुसभुशीत झालेल्या चुन्यात ओल असतेच, एवढ्यावर पिंपळाचं भागतं.

"मालक, पहारीनं उपटतो, तासाभराचं काम," मुकादम म्हणाला. आर्किटेक्ट बाईंनी त्याला हात लावू दिला नाही. ज्या मुळांनी भिंत फोडली होती, त्यांनीच आता ती धरूनही ठेवली होती. उपटली असती तर निम्मी भिंत सोबत आली असती.

शहरात झाड तोडायला १९७५च्या कायद्यानं परवानगी लागते, म्हणून नगरपालिकेत अर्ज केला. उंबराला कुऱ्हाड लावायला गवंडी तयार होईना, "दत्ताचं झाड आहे." काकूनं तोडगा काढला. परसात उंबराचं रोप लावून नारळ वाढवला, मग तो कामाला लागला.

बुंधा वीतभर ठेवून कापला आणि लगेच भोकं पाडून त्यात तणनाशक ओतलं. लगेच अशासाठी, की काप सुकला की औषध आत शिरत नाही. हे तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यानंच वापरावं असा केंद्राचा २०२२चा आदेश आहे, त्यामुळे ते काम त्याच्याकडूनच करून घेतलं. दुकानदारानं ॲसिड सुचवलं होतं. ॲसिडनं पिंपळ मरेल न मरेल, चुना नक्की विरघळतो! नंतर नुसती वाट पाहायची. कोंब फुटला की पुन्हा औषध.

मुळं पुरती वाळल्यावर, उन्हाळ्यात, भिंतीला टेकू देऊन आणि दगडांवर नंबर टाकून वरचे थर उतरवले. आत मनगटाएवढी मुळी दोन दगडांमध्ये चेपून पट्टीसारखी चपटी झाली होती, तिच्या सालीवर दगडांवरचे छिन्नीचे घाव जसेच्या तसे उमटलेले. दगड नंबरवारी परत बसवले ते चुना, वाळू आणि विटांच्या चुऱ्यात. सिमेंटला बाईंचा ठाम नकार होता, कारण त्यानं ओल आतच कोंडते. चुना सुकू नये म्हणून ओली गोणपाटं लावायचं काम घरच्यांकडे आलं, आणि त्यावरून भांडणंही झाली.

आता पाऊस सरला की शिडी लावून भिंत पाहतो. बोटभर रोप असतं तोवर ते मुळासकट हातात येतं. त्याहून मोठं झालं की पुन्हा अर्ज, औषध, गवंडी, सगळं आलं.